मनगटाचा हिवाळा

उसाच्या गाड्या रस्त्याला लागल्या की आमच्या गोठ्याचा वास बदलतो. कडब्याचा कोरडा, धुळकट वास मागे सरतो आणि वाढ्यांचा ओला, गोडसर वास भरून येतो. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. तोडणीवाल्या बाया संध्याकाळी त्याचे भारे दारात आणून टाकतात आणि गाई दावणीला बांधलेल्या असतानाच माना लांब करून हंबरायला लागतात. यंदाचा पहिला भारा परवा पडला. मी तो उचलायला वाकले, आणि भाऱ्याला हात लागायच्या आधीच माझा डावा हात उजव्या मनगटाकडे गेला आणि ते चोळायला लागला. मी थांबले. मनगट वळवून पाहिलं, अंगठा आतबाहेर करून पाहिला. काही दुखत नव्हतं. तरी हात चोळतच होता. दुखणं गेलं असेल तर हात काय शोधतोय, आणि गेलं नसेल तर मला कळत का नाही, असा मला प्रश्न पडला. मग भारा डाव्या काखेत घेतला आणि गाईंपुढे टाकला.

तो हिवाळा असाच वाढ्यांच्या वासाने सुरू झाला होता.

आमची वस्ती नेवाशापासून जरा आडबाजूला, प्रवरेच्या बाजूच्या काळ्या रानात आहे. माझं माहेर बेलापूरचं. तिथेच परकराच्या वयात मी धार काढायला शिकले. शिकले म्हणजे काय, आईच्या शेजारी बसून तिचे हात पाहिले आणि तसं केलं. अंगठा मुडपून त्याचं पेर सडावर दाबायचं आणि खाली ओढायचं. आमच्याकडे सगळ्या बायका अशीच धार काढत. सासरी आले तेव्हा सासूबाईंनी, त्यांना आम्ही आत्या म्हणतो, पहिल्याच पहाटे माझ्या हातात चरवी दिली आणि त्या बाजूला उभ्या राहून पाहत होत्या. धार चरवीच्या तळाला लागून टणटण वाजली तशा त्या आत निघून गेल्या. त्यानंतर गोठा माझा झाला. कुणी तसं म्हटलं नाही, पण झाला.

मैना ही आमची थोराड तांबडी गाय. तिचे सड कडक. जोर लावल्याशिवाय धार येत नाही, आणि ओळखीचा हात नसेल तर ती पान्हा चोरते, म्हणजे दूध वरच धरून ठेवते. ह्यांनी एकदा प्रयत्न केला होता, तेव्हा तिने लाथ मारून चरवी कुंपणापर्यंत घालवली. ती फक्त माझ्या हाताला पान्हा सोडायची. मला त्याचा त्रासही होता, कारण माहेरी दोन दिवस राहायची सोय नव्हती. आणि अभिमानही होता. बेलापूरला गेले की आईजवळ तक्रार करायचे, पण ती तक्रार करताना माझ्या चेहऱ्यावर काय दिसत असेल, ते आईला कळत असणार.

दिवाळी उलटून थंडी पडली आणि एका पहाटे मैनेची धार काढताना अंगठ्याच्या बुडाशी काहीतरी चावलं. मला वाटलं मुंगळा आहे. मी हात झटकला, बाही वर करून पाहिली, खाली शेणात पाहिलं. मुंगळा कुठे नव्हता. पुन्हा सड धरला तर पुन्हा चावलं. ते दुखणं सुरू झालं ते मला इतकं स्पष्ट आठवतं, की अजूनही डोळ्यांपुढे तो न सापडलेला मुंगळाच येतो.

आठवड्याभरात चपाती लाटताना, कपडे पिळताना, अगदी दाराची कडी काढतानाही मनगटातून कळ कोपरापर्यंत जायला लागली. अंगठ्याच्या बाजूला सूज दिसत होती. आत्यांनी हात आपल्या मांडीवर घेतला, बोटांनी चाचपला आणि सांगितलं, वात आहे, थंडीने धरलाय. त्यांनी एरंडाचं पान आणवलं, त्याला तिळाचं तेल लावून तव्यावर गरम केलं आणि मनगटाला गुंडाळून फडक्याने बांधलं. वरून ओवा आणि मीठ घातलेल्या पुरचुंडीचा शेक. त्या उबेने मला इतकं बरं वाटलं, की मी चुलीपुढेच पेंगले.

सकाळी सूज होती तेवढीच होती.

तेव्हा कविता आमच्या घरात नवीन होती. कविता ही माझ्या धाकट्या दिराची बायको, माझी जाऊ. दीर साखर कारखान्यावर कामाला, त्यामुळे हंगामात तो घरी पाहुण्यासारखा यायचा. ती केडगावची. लग्नाआधी नगरला एका ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर टाईप करायचं काम करत होती. गोठ्यात आली की ओढणी नाकाला लावायची, गाईच्या मागून जायला भ्यायची. तिने माझा हात पाहिला आणि म्हणाली, सूज असताना शेकायचं नसतं ताई, गार लावायचं. फ्रिजमधला बर्फ रुमालात बांधून तिने माझ्या मनगटावर धरला. बाहेर दात वाजवणारी थंडी, आत मी स्वेटर घालून बर्फ धरून बसलेली. आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या, आमच्याकडे पाहिलं आणि तशाच परत गेल्या. त्यांचं ते न बोलणं दोन दिवस घरभर फिरत होतं.

मी कविताला विचारलं, तुला हे कुठून माहीत. ती म्हणाली, "माझाही हात दुखायचा, ताई. माऊस धरून धरून. चमचा धरता येत नव्हता एक महिना."

मला हसू आलं. दूध काढून हात दुखतो हे मला समजत होतं, पण बोटाने एक बटण दाबून कुणाचा हात दुखेल, हे काही मनाला पटेना. ती नुसता बर्फ दुसऱ्या बाजूने फिरवत राहिली.

मग मी असं ठरवलं, की सकाळी आत्यांचा शेक आणि संध्याकाळी कविताचा बर्फ. कुणाचं मन मोडायला नको. माझ्या मनगटाला त्यातून काय समजलं असेल, कुणास ठाऊक. सकाळी एरंडाच्या पानात ते सैल पडायचं, संध्याकाळी बधिर व्हायचं, आणि या दोन्हींच्या मधे दोन वेळच्या धारा मी काढतच होते. कारण गाई थांबत नाहीत.

पाटाच्या पलीकडे शकीलाभाभींचं घर आहे. त्यांच्याकडे म्हशी आहेत. भाभी माझ्यापेक्षा थोराड, हाताने जड आणि बोलायला मोकळ्या. त्या एके दुपारी निर्गुडीचा पाला उकडून पातेल्यासकट घेऊन आल्या. माझा हात त्या वाफेवर धरला, वरून पदर झाकला. निर्गुडीचा तो कडवट, औषधी वास माझ्या नाकात पुढे कितीतरी दिवस राहिला, दुधालाही येतोय असं वाटायचं. भाभींनी बजावलं, "हात हलवत ऱ्हा. बसवून ठिवला तर बसूनच ऱ्हाईल. माझ्या थोरल्या नणंदेचा तसाच गेला."

त्याच आठवड्यात ह्यांनी मला नेवाशाला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी माझा अंगठा मुठीत धरायला लावला आणि मूठ करंगळीच्या बाजूला वाकवली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे त्यांना जे पाहायचं होतं ते दिसलं असावं. अंगठ्याच्या शिरा सुजल्यात, म्हणाले, तोच तोच जोर पडून. त्यांनी अंगठ्यासकट मनगट धरून ठेवणारा पट्टा दिला आणि हात अजिबात हलवायचा नाही असं सांगितलं. धार तर नाहीच. नाही ऐकलं तर इंजेक्शन, आणि त्यानेही नाही भागलं तर छोटंसं ऑपरेशन. छोटंसं हा शब्द त्यांनी हसत म्हटला. मला त्यानंतरचं काही ऐकू आलं नाही.

परत येताना गाडीवर मागे बसून मी विचार करत होते. हात हलवला नाही तर बसून राहील. हात हलवला तर कापावा लागेल. ऊब द्यायची, गार द्यायचं. तिघींनीही मायेने सांगितलं होतं, डॉक्टरही काही वैरी नव्हते. सगळे खरं बोलत असतील तर माझ्या एका मनगटात किती मनगटं होती?

आमच्या शेजारच्या रानात उसाची तोड आली होती. पाथर्डीकडचं एक जोडपं आमच्या दारात वाढ्यांचे भारे टाकायचं. त्यातल्या सुमनच्या दोन्ही मनगटांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या करकचून बांधलेल्या असायच्या. मला पट्टा लागल्यावर माझं लक्ष तिच्या चिंध्यांकडे गेलं. मी विचारलं, तुझे हात दुखत होते म्हणून बांधलं का. ती भारा टाकून उभी राहिली, आपल्या मनगटांकडे तिने असं पाहिलं की जणू ती कुणी आत्ताच तिला आणून दिलीत.

"व्हय की," ती म्हणाली. "पर कवापासून त्ये न्हाई ध्यानात. आईबी बांधायची."

मी विचारलं, बांधून थांबतं का. ती म्हणाली, सोडून कधी बघितलंच नाही. मग माझ्या पट्ट्यावरून तिने हलकेच बोट फिरवलं, हे मऊ आहे म्हणाली, आणि गेली. मला तिच्याकडून काहीतरी उत्तर मिळेल असं वाटलं होतं. ती गेल्यावर माझ्याजवळ आणखी एकच प्रश्न उरला होता, आणि तो माझ्या मनगटाचा नव्हता.

पट्टा लावला तरी पहाटे मी तो काढून गोठ्यात जायचे. दुसरा इलाज नव्हता. त्यातच मैनेचा एक सड सुजला. गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी इंजेक्शन दिलं आणि कोरफडीचा गर, हळद आणि थोडा चुना एकत्र कुटून कासेला लावायला सांगितला. जाताना त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली. अंगठा मुडपून धार काढता ना, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते म्हणाले, अंगठा आत घेऊच नका, सगळी बोटं सडाभोवती घेऊन मुठीने दाबा, वरून खाली एकेक बोट. कविता दारात उभी राहून ऐकत होती. मला ते ऐकून जरा विचित्रच वाटलं. माझ्या आईने, आत्यांनी, आमच्या सगळ्या बायकांनी जन्मभर ज्या अंगठ्याने दूध काढलं, तोच आता काढून टाकायचा?

लेप कुटला, मैनेच्या कासेला लावला. पाट्यावर थोडा उरला. मी इकडेतिकडे पाहिलं आणि तो माझ्या मनगटाला लावून टाकला. चुन्याने कातडी चुरचुरली, म्हणून लगेच धुतला, पण हात पिवळाधमक राहिला. मैनेची कास पिवळी, माझा हात पिवळा. ह्यांनी संध्याकाळी पाहिलं आणि विचारलं, तुला गुरांच्या डॉक्टरने तपासलं की काय. घरात बऱ्याच दिवसांनी सगळे हसले. आत्याही.

मैना चार-सहा दिवसांत बरी झाली. माझा हात नाही.

आणि मग ती सकाळ. मैनेचं दूध काढून मी उठले, चरवी भरलेली होती, उजव्या हातात धरली आणि दोन पावलं गेले. कळ आली नाही. त्याच्या उलट झालं. हातात काहीच नाही असं वाटलं, आणि चरवी खाली पडलेली दिसली. आवाज नंतर ऐकू आला. दूध शेणातून, गोमूत्राच्या पन्हाळीतून वाहत गेलं, वर वाफ निघत होती. मी माझ्या हाताकडे पाहत उभी राहिले. तो माझ्या खांद्याला लागलेला होता, पण कुणा परक्याचा वाटत होता. मला त्या दुधाचं वाईट वाटलं नाही. मला भीती वाटली, की उद्या हा हात मैनेला लागला तर तिलाही तो परका वाटेल.

कविता आवाजाने धावत आली. नाकाला ओढणी नव्हती. तिने चरवी उचलली, पाण्याने खंगाळली आणि म्हणाली, "उद्यापासून मी बसते. तुम्ही नुसतं शेजारी उभ्या राहा."

मी म्हटलं, मैना पान्हा सोडणार नाही. ती म्हणाली, बघू.

मैनेने खरंच सोडला नाही. पहिले काही दिवस कविता तिच्या कासेला हात लावायची, गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं तशी पूर्ण मूठ धरायची, आणि तळाशी चूळभर दूध यायचं. मी मैनेच्या मानेला खाजवत उभी राहायचे. बाकीच्या गाई कविताला लवकर वश झाल्या. मैनेचं दूध आटेल की काय अशी काळजी सगळ्यांना लागली. आत्या म्हणाल्या, राहू दे, वासराला पिऊ दे सगळं. पण कविता रोज बसायची. तिचे ते टाईप करणारे, बारीक, नखं कापलेले हात थंडीने लाल व्हायचे. ती मधे थांबायची, बोटं ताणायची, मनगट हळू फिरवायची, मग पुन्हा धरायची. तो व्यायाम ती मलाही करायला लावायची, दुपारी उन्हात बसून, पट्टा काढून. आता डॉक्टरांची आणि भाभींची अशी काहीतरी तडजोड झाली होती, की दिवसभर हात बांधायचा आणि थोडा वेळ मोकळा करायचा.

एका पहाटे मला उठायला उशीर झाला. गोठ्याकडे निघाले तर आतून धारेचा आवाज येत होता. भरल्या चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज वेगळा असतो, जाड, फेसाळ. मी दाराशी थांबले. कविता मैनेच्या पोटाला डोकं टेकून बसली होती आणि मैना डोळे अर्धे मिटून रवंथ करत होती. मला हायसं वाटलं. पण मी आत गेले नाही. घरात येऊन चूल पेटवली, चहा ठेवला आणि चहाला उकळी येऊन तो उतू गेला तरी तिथेच बसून होते. ज्याचा मला त्रास होता तेच सुटलं होतं. आता मी बेलापूरला हवी तितकी राहू शकत होते. मग मला रडू का येत होतं? मी ते चुलीच्या धुरावर ढकललं. कविताने चहा घेताना माझ्याकडे पाहिलं, पण धूर आहे असंच तीही म्हणाली.

त्यानंतर मी रोज तिच्या नकळत दाराबाहेर थांबून आवाज ऐकायचे. शेक चालू होता, बर्फ चालू होता, भाभींची निर्गुडी येत होती, पट्टा होताच. आत्यांनी त्यात सुंठ उगाळून लावायची भर घातली. संक्रांतीच्या सुमारास केव्हातरी मी तीळ भाजत होते, कढईत उलथणं फिरवत होते, आणि बऱ्याच वेळाने लक्षात आलं की आपण उजव्या हाताने फिरवतोय. मी थांबले. दुखत नव्हतं. कालही दुखलं होतं का? परवा? मला आठवेना. दुखणं आलं तेव्हा चावून आलं होतं. गेलं ते मागच्या दाराने, कुणाला न सांगता.

मग घरात जो तो खूश झाला. आत्यांना खात्री होती की एरंडाने गुण दिला. भाभी म्हणाल्या निर्गुडीने. नेवाशाच्या डॉक्टरांनी पट्ट्याचं श्रेय घेतलं. ह्यांनी मैनेच्या लेपाचं नाव काढून सगळ्यांना पुन्हा हसवलं. मला कुणी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, ते आजही माहीत नाही. हे सगळं एकाच वेळी चाललं होतं, आणि त्याच वेळी माझा हात रिकामा होता. पण रिकाम्या हाताला औषध कसं म्हणायचं? पहाटे दाराबाहेर उभं राहून मी जे सोसत होते ते औषधात धरायचं की दुखण्यात?

थंडी उतरायला लागली तेव्हा एका पहाटे मी कविताच्या आधी गोठ्यात गेले. मैनेजवळ बसले. अंगठा मुडपायला निघालेला मी मोकळा केला, सगळी बोटं सडाभोवती घेतली. ती पकड मला इतकी परकी होती, की मला परकराच्या वयात बेलापूरच्या गोठ्यात बसल्यासारखं वाटलं, फक्त शेजारी आई नव्हती. दाबलं. एक बारीक धार आली आणि बंद झाली. मैनेने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती मला ओळखत नव्हती असं नाही. तिने माझा खांदा चाटला. पण दूध वरच धरून ठेवलं. मी तिच्या पोटाला डोकं टेकलं. आत तिचं काळीज चालल्याचं ऐकू येत होतं. मी तिला म्हटलं, अगं मीच आहे. पण ते बोलताना माझीच मला खात्री वाटेना, कारण हात तर नवाच होता.

कविता केव्हा आली ते कळलं नाही. ती दारात उभी राहून पाहत असावी. मला वाटलं ती म्हणेल, सरा ताई, मी काढते. आणि मी सरले असते. पण ती मैनेच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसली. मैनेच्या पोटाखालून मला तिचे गुडघे दिसत होते आणि हात.

ती म्हणाली, "करंगळी सगळ्यात शेवटी दाबा. माझं बघा."

मी पाहिलं. तिच्या बोटांची लाट वरून खाली उतरत होती. मी तसं केलं. बोटं चुकत होती, करंगळी आधीच मिटत होती, मग हळूहळू जमायला लागली. बराच वेळ काहीच झालं नाही. वासरू दाव्याला ओढ देत होतं, बाहेर उसाची एक गाडी घुंगरं वाजवत गेली. आणि एकदम मैनेच्या कासेत ते भरून आल्यासारखं झालं, सड हातात तट्ट फुगला, आणि दोन्ही बाजूंनी धारा लागल्या. माझी एक, तिची एक. चरवी मधे होती. आवाज एकमेकांत मिसळले. मी मान वाकवून पलीकडे पाहिलं तर कविताही मान वाकवून माझ्याकडेच पाहत होती, आणि आम्हा दोघींच्याही चेहऱ्यावर एकच प्रश्न होता.

मी दूध घेऊन आले तेव्हा हे डेअरीला निघायच्या तयारीत होते. चरवी काठोकाठ पाहून त्यांनी विचारलं, मैनेने आज पान्हा कुणाला सोडला.

मी कविताकडे पाहिलं. ती ओढणीला हात पुसत म्हणाली, "ते तिलाच माहीत, भाऊजी."